पाण्याची रेल्वे, छोटी लाईन अन् फोटोत कोण उभं राहतं

एप्रिल २०१६ मधला तो फोटो आठवतोय का? मिरजेहून पाणी घेऊन लातूरला आलेली रेल्वे, पहिल्या खेपेला १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर पाणी, अन् इंजिनासमोर ही गर्दी. देशभर फिरला तो फोटो. गंमत अशी की ती गाडी ज्या मार्गानं आली तो म्हणजे जुनी बार्शी लाईट रेल्वे, आपली अरुंद रुळांची छोटी लाईन. १८९७ ला कुर्डुवाडी-बार्शी चालू झाली, १९११ ला लातूरला पोचली, पुढं २००७-०८ च्या सुमारास तिची मोठी लाईन झाली म्हणून एवढं पाणी ओढता तरी आलं.

पण मला लाईनीचं नाही, फोटोचं सांगायचंय. रेल्वेचा फोटो म्हणलं की पुढं कोण उभं राहणार हे पहिल्यापासून ठरलेलं आहे, ज्याचा पैसा तो.

तसे रेल्वे अन् कॅमेरा एकाच पिढीतले. इंग्लंडातली लिव्हरपूल-मँचेस्टर लाईन १८३० ची, डागेरोटाईप म्हणजे धातूच्या पत्र्यावरचा सुरुवातीचा फोटो १८३९ चा. पण पळती गाडी पकडणं तेव्हाच्या कॅमेऱ्याच्या बापाला जमणारं नव्हतं. १८५१ मध्ये कोलोडियनची पद्धत आली, त्यात काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा अन् तिथंच अंधाऱ्या तंबूत लगेच काच धुवायची, एक्स्पोजर, म्हणजे काचेवर उजेड पडू द्यायचा वेळ, काही सेकंदांचं, म्हणजे गाडी हलली की नुसता धुरकट पट्टा. म्हणून जुने फोटो बघा, पूल, बोगदे, स्टेशनं, उभी इंजिनं. जे हलत नाही ते सगळं.

अन् एवढा तामझाम स्वतःच्या खिशातून कोण करणार, कंपन्याच करून घ्यायच्या. १८५५ मध्ये फ्रान्सच्या उत्तरेकडच्या रेल्वे कंपनीनं एदुआर बाल्डुसकडून अख्खा अल्बम बनवून घेतला, कशासाठी तर व्हिक्टोरिया राणीला भेट द्यायला!

आपल्या खंडाळ्याच्या घाटाची गोष्ट जरा वेगळी आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ ला इकडं आला अन् थोड्याच दिवसात वारला, मग त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट पुढं चालवलं अन् बाईंनी घाटाच्या कामाचे फोटोपण काढले. १८६३ ला घाट चालू झाला तोवर हजारो मजूर कॉलऱ्यानं, तापानं, अपघातानं गेले होते.

सगळ्यात गाजलेला फोटो मात्र अमेरिकेतला. १० मे १८६९, युटामधलं प्रोमोंटरी, पूर्वेकडची अन् पश्चिमेकडची लाईन जुळली, दोन इंजिनं तोंडाला तोंड लावून उभी, माणसं बाटल्या उंचावतायत. फोटो ए. जे. रसेलचा. पश्चिमेकडची लाईन टाकणारे बहुतेक मजूर चिनी होते, दहा हजारांच्या वर, अन् या फोटोत ते जवळपास दिसतच नाहीत. डोंगर त्यांनी फोडले अन् बाटल्या दुसऱ्यांच्या हातात.

त्या दिवशी सोन्याचा खिळा ठोकणारा लेलँड स्टॅनफर्ड, पश्चिमेकडच्या कंपनीचा अध्यक्ष. यानंच पुढं मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरला पैसे देऊन पळत्या घोड्याचे फोटो काढून घेतले, १८७८ ला ते जमलं, अन् हलत्या चित्रांच्या वाटेवरचं मोठं पाऊल पडलं ते रेल्वेच्या पैशातून. मग फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी स्टेशनात शिरणारी गाडीच पडद्यावर आणली. ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात जो खेळ झाला त्यात ती गाडी होती. आता बघा, तेव्हा औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड, कुठंच रेल्वे नव्हती! निजामाची हैदराबाद-मनमाड मीटरगेज लाईन त्यानंतर, १९०० च्या आसपास आली. म्हणजे मुंबईत पडद्यावर गाडी येऊन गेली तरी आमच्याकडं रुळाचा पत्ता नाही.

माझे आजोबा याच लाईनीवर, पूर्णेला, गँगमन. उन्हाळ्यात रूळ तापून वाकतात म्हणून भर दुपारी लाईन चालत तपासायचे. ते काम करतानाचा एकपण फोटो घरात नाही. आहे तो कुठल्यातरी साहेबाच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो, साहेब हार घालून खुर्चीत, आजोबा मागच्या रांगेत डावीकडून दुसरे, टोपीची सावली सगळी तोंडावर. आजीनं माझ्या बापाकडून फोटोच्या मागं बॉलपेननं नाव लिहून घेतलं होतं, नाहीतर ओळखूच आले नसते.