गोंगाटाने श्वासनलिका का आवळते?

दमा हे मनाचे दुखणे आहे, असे अजूनही बरेच जण मानतात. ताणाने दमा वाढतो हे खरे आहे, पण तो वाढतो मज्जातंतूंच्या आणि रक्तपेशींच्या वाटेने. ही वाट उंदरांमध्ये बऱ्यापैकी उलगडली आहे.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील संशोधकांनी 2003 आणि 2004 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मला फार आवडतात. उंदरांना आधी अंड्याच्या पांढऱ्या बलकातील एका प्रथिनाची अ‍ॅलर्जी जडवली, मग काहींना ताण यावा म्हणून गोंगाटात ठेवले. त्यानंतर मेथाकोलीन हुंगायला दिले. या रसायनाने श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात आणि ते किती पटकन आवळतात, यावरून नलिका किती हळवी झाली ते कळते. गोंगाट सोसलेल्या उंदरांच्या नलिका जास्त आवळल्या आणि फुप्फुसांत दाह करणाऱ्या पेशीही वाढलेल्या दिसल्या.

इथे एक कोडे पडते. घाबरल्यावर अ‍ॅड्रिनलीन स्रवते आणि अ‍ॅड्रिनलीन तर श्वासनलिका रुंद करते! मग उलटे कसे झाले?

उत्तर नलिकेच्या अस्तरात पसरलेल्या बारीक संवेदी मज्जातंतूंमध्ये आहे. हे तंतू मेंदूकडे खबर पाठवतातच, शिवाय आपल्या टोकांतून जागच्या जागी रसायनेही सोडतात. त्यातले एक म्हणजे सबस्टन्स पी. फॉन ऑयलर आणि गॅडम या शास्त्रज्ञांना ते 1931 मध्ये सापडले. अवघ्या 11 अमिनो आम्लांची ही साखळी एनके-1 या ग्राहीला, म्हणजे पेशीवरच्या रासायनिक संदेश टिपणाऱ्या रेणूला, चिकटली की केशवाहिन्या पाझरू लागतात, अस्तर सुजते, चिकट स्राव वाढतो, पांढऱ्या पेशी गोळा होतात. बर्लिनच्या गटाने हा ग्राही औषधाने अडवला, तेव्हा गोंगाटाचा परिणाम ओसरला. अ‍ॅड्रिनलीनचा भर काही वेळाने सरतो, सूज मात्र मागे राहते. आणि थोडी सूजही महाग पडते: हवा संथपणे वाहत असताना नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर अडथळा दुप्पट नव्हे, 16 पट होतो.

म्हणून लगेच ‘ताणाने वाढणाऱ्या दम्यावर इलाज सापडला’ असे म्हणू नये. उंदराला माणसासारखा दमा आपोआप होत नाही. तो मांजराला होतो, घोड्यालाही त्याच्या जवळचा आजार होतो. एनके-1 अडवणारी औषधे माणसाच्या दम्यावर नेहमीचा उपचार बनलेली नाहीत. दमेकऱ्याने केवळ शांत जागी बसून इनहेलर सोडणे तर धोक्याचेच.

या प्रयोगांनी प्राणीगृहांबद्दलही एक प्रश्न उभा केला आहे. आपल्याला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते, उंदराला त्याच्या कितीतरी पुढचे. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीतले एखादे यंत्र पिंजऱ्यातल्या उंदरासाठी सतत किंचाळत असू शकते. तिथे श्वासनलिकेची तपासणी करायची, तर आधी त्या खोलीतला उंदराच्या कानांना ऐकू येणारा आवाज मोजावा लागेल.