डॉल्फिन आणि इक्थिओसॉर: आधी शेपूट बघा

डॉल्फिन सस्तन आहे, हे शाळकरी पोरही सांगतं. घोळ होतो तो शेजारी इक्थिओसॉर या नामशेष समुद्री प्राण्याचं चित्र ठेवलं की. लांब चोच, पाठीवर पर, गुळगुळीत अंग. मग कुणीतरी लिहितंच, 'हा डॉल्फिनचा पूर्वज.' नाही हो! तो सरीसृप. (डायनोसॉरही नव्हे, तो वेगळाच वैताग.) इक्थिओसॉर संपले सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, देवमासे आणि डॉल्फिन यांचे पूर्वज पाण्याकडे वळले सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. एकमेकांशी गाठ पडायचा प्रश्नच नाही.

दोघेही हवेत श्वास घेणारे, दोघेही थेट पिलं जन्माला घालणारे. तिथे फरक शोधत बसू नका.

खरी गोम शेपटीत आहे. इक्थिओसॉरचं शेपूट माशासारखं उभं, डावी-उजवीकडे हलणारं. डॉल्फिनचं आडवं, वर-खाली हलणारं. कारण जमिनीवरच्या चालीत सापडतं. पाल चालताना पाहा: कणा बाजूंना वळतो. धावणाऱ्या कुत्र्याचा कणा मात्र वर-खाली वाकतो. पाण्यात गेल्यावर इक्थिओसॉर आणि डॉल्फिन दोघांच्याही घराण्यांनी आपापली जुनी लकबच पुढे चालवली. (सील सस्तन असूनही मागचे पाय डावी-उजवीकडे हलवतात, पण त्यांचं घराणंच निराळं.)

हे हाडांतही दिसतं. इक्थिओसॉरचे मणके शेवटी खाली वळून शेपटीच्या पराच्या खालच्या पाळीत शिरतात. सुरुवातीला हा बाक म्हणजे मेल्यानंतर मोडलेलं शेपूट वाटलं होतं. तिथे पर असणार, हे इंग्लिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८३८ मध्ये ताडलं. डॉल्फिनचे मणके सरळच जातात, आडव्या परात हाड नसतंच. त्या पराचा पत्ता लागतो तो त्याच्या बुडाशी असलेल्या गोलसर मणक्यावरून.

इक्थिओसॉरचे आणि डॉल्फिनच्या घराण्यातल्या देवमाशांचेही जीवाश्म कच्छमध्ये मिळालेत. लोडाईचा इक्थिओसॉर जुरासिक काळातला, साधारण साडेपाच मीटरचा. कच्छिसेटस हा प्राचीन देवमासा त्याच्यापेक्षा दहा कोटी वर्षांनी अलीकडचा. एकाच मुलखात सापडले म्हणून नातं जोडू नका.

तज्ज्ञही चकले आहेत म्हणा. १८३४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रिचर्ड हार्लन यांनी एका प्रचंड सांगाड्याला सरीसृप समजून बॅसिलोसॉरस, म्हणजे 'राजा सरडा', असं नाव दिलं. ओवेन यांनीच दाढांना दोन मुळं दाखवून तो सस्तन ठरवला आणि झ्यूग्लोडॉन हे नाव सुचवलं. पण आधीच्या नावाला मान देण्याचा नियम आडवा आला, आणि तो देवमासा आजही राजा सरडाच म्हणवतो.