बर्फ टाकला आणि व्हिस्की दुधट झाली

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर आम्ही तिघं बसलो होतो: मी, माझा मेव्हणा आणि द्राक्षांचे बेदाणे करणारे अण्णा. मेव्हण्यानं दुबईहून येताना आर्डबेग या स्कॉटिश व्हिस्कीची १० वर्षं मुरलेली बाटली आणली होती. अण्णांनी सवयीनं ग्लासात बर्फाचे चार खडे टाकले, वर फ्रिजमधलं पाणी ओतलं. दोन मिनिटांत त्या फिकट सोनेरी रंगावर दुधट झाक आली. अण्णांनी ग्लास दिव्यासमोर धरला आणि निकाल देऊन टाकला, "मास्तर, ह्यो माल डुप्लिकेट हाय. टाका ओतून." मी काही बोलायच्या आत बिचाऱ्या मेव्हण्यानं शरमेनं तिन्ही ग्लास मोरीत रिकामे केले होते.

बाटली वाचली, पण मला रात्रभर झोप आली नाही. ३० वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवलं आणि आपल्याच गच्चीवर हे व्हावं! व्हिस्की पिण्यापेक्षा हुंगण्यात मला रस आहे. एका संध्याकाळी ३० मिली, त्याला तासभर, आणि शेजारी वही. त्या वहीत पंधरा वर्षांचे वास लिहून ठेवलेत. तेव्हा ती दुधट झाक कुठून येते, हे नीट सांगायलाच हवं.

आधी व्हिस्की होते कशी ते थोडक्यात. सातूला मोड आणायचे. मटकीला आणतो तसेच, आणि कारणही तेच: मोड येताना दाण्यातले विकर (एन्झाइम) जागे होतात आणि पिठुळ स्टार्चची साखर करू लागतात. मग मोड वाळवायचे, भरडून गरम पाण्यात साखर उतरवायची, यीस्ट घालून आंबवायचं आणि तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. तांबं शोभेला नसतं. आंबवताना तयार झालेली गंधकाची उग्र संयुगं त्या तांब्याला चिकटून बाजूला होतात. शेवटी ओकच्या पिंपात मुरवायचं. स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की, म्हणवून घ्यायला किमान ३ वर्षं मुरावं लागतं, आणि पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही.

शैली वेगळी, तसा वास वेगळा. अमेरिकेतल्या बर्बनमध्ये निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के मका असतो आणि पिंप कोरं, आतून जाळलेलं. जळताना लाकडातलं लिग्निन फुटून व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन सुटतं आणि ओकमधली लॅक्टोन खोबऱ्याचा वास देतात. माझ्या वहीत बर्बनपुढे 'ओल्या नारळाच्या वड्या' असं लिहिलंय. शेरी नावाच्या वाइनच्या पिंपात मुरलेल्या स्कॉचपुढे लिहिलंय 'मार्केट यार्डातलं बेदाण्याचं गोडाऊन, दुपार'. आणि आर्डबेग? स्कॉटलंडच्या पश्चिमेला एक बेट आहे, त्याचं नाव आयला. शब्द आपल्या तोंडातला वाटतो, पण उच्चार खरोखरच तसा आहे. तिथं दलदलीत हजारो वर्षं साठलेला अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर खणून काढतात, त्याला पीट म्हणतात. त्याच्या धुरावर सातूचे मोड वाळवले की धुरातली फिनॉलं, म्हणजे धुरकट वासाची संयुगं, दाण्यात शिरतात. पहिल्या वासाला लोक 'दवाखाना' म्हणतात. मला मात्र बाळंतिणीच्या खोलीतली धुरी आठवते.

आता मूळ प्रश्नाकडे.

पाणी आणि तेल मिसळत नाही, हे आपण शाळेत शिकलो. इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, मात्र दोन्ही घरचा सोयरा. त्याच्या रेणूच्या एका टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते, ती पाण्याच्या रेणूंचा हात धरते. दुसऱ्या टोकाला दोन कार्बनची शेपटी असते. तिला पाण्यात करमत नाही, तेलकट रेणूंच्या शेजारी बरं वाटतं. या दुहेरी स्वभावाचा एक सुंदर प्रयोग मी दरवर्षी वर्गात करायचो. ५० मिली पाण्यात ५० मिली शुद्ध इथेनॉल ओतायचं. १०० मिली व्हायला हवं, होतं ९६-९७! आणि नळकांडं हाताला कोमट लागतं. कुठं काही सांडलेलं नसतं. वेगवेगळे असताना जेवढी जागा लागत होती, तेवढीही आता लागत नाही, इतके ते रेणू एकमेकांत दाटीनं बसतात. मुलं तोंडात बोट घालायची, आणि खरं सांगतो, मलाही दर वेळी तेवढंच नवल वाटायचं.

व्हिस्कीत पाणी आणि इथेनॉलखेरीज एस्टर नावाची मंडळी असतात. आम्ल आणि अल्कोहोल जोडलं गेलं की एस्टर तयार होतं. आखूड एस्टर हलकी, चटकन उडणारी, म्हणून वासाची. पिकल्या केळ्याचा वास म्हणजे मुख्यतः आयसोअमाइल ॲसिटेट, आणि ते व्हिस्कीतही असतं. लांब शेपटीची एस्टर जड असतात. इथाइल लॉरेटमधल्या आम्लाची साखळी १२ कार्बनची, इथाइल पाल्मिटेटमधली १६. यांना वास फारसा नाही, पण जिभेवर जी साजूक, तेलकट जाडी जाणवते त्यात यांचा हात असतो.

ही लांब शेपटीची मंडळी पाण्यात विरघळत नाहीत. ४६ टक्के इथेनॉल असेल तर त्या सोयऱ्याच्या आधारानं राहतात. पाणी ओतून आपण इथेनॉलचं प्रमाण ३० टक्क्यांवर आणतो, बर्फानं थंडी वाढवतो, आणि त्यांचा आधार दोन्हीकडून काढून घेतो. मग ती एकमेकांजवळ सरकून बारीक थेंब धरतात. थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास मोठे झाले की प्रकाश विखुरतो आणि द्रव दुधट दिसतो. दूध पांढरं दिसतं तेही त्यातल्या स्निग्धाच्या आणि प्रथिनांच्या अशाच कणांमुळे.

गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून बऱ्याच कंपन्या व्हिस्की शून्य अंशाच्या आसपास थंड करून गाळतात. लांब एस्टर गाळणीत अडकतात आणि मग कितीही बर्फ टाका, ग्लास स्वच्छ. आर्डबेग असं गाळत नाहीत, म्हणूनच ती ४६ टक्क्यांवर भरतात.

आता आपल्या भागाचं पाहू. साखर कारखान्याच्या रस्त्यानं गेलं की मळीचा जो आंबूस-गोड वास येतो, तो सांगली-साताऱ्यात कुणाला ओळखीचा नाही? आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्कीचा पाया याच मळीचं स्पिरिट असतं, ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेलं. एवढ्या शुद्धीकरणात चांगलं-वाईट सगळंच निघून जातं. त्यामुळे ती कधी दुधट होत नाही, कारण दुधट व्हायला आत काही उरलेलंच नसतं. ग्लास स्वच्छ राहिला म्हणून माल अस्सल, हे गणित अगदी उलटं आहे. काळपट रंग म्हणजे जुनी व्हिस्की, हेही तसंच. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमल घालायला कायद्यानंच परवानगी आहे.

काडी लावून शुद्धता बघणारेही आपल्याकडे पुष्कळ. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीची वाफ साधारण २६ अंशांच्या वर पेट घेऊ शकते. म्हणजे सांगलीच्या मे महिन्यात काडीनं ती पेटेल, डिसेंबरच्या पहाटे पेटणार नाही. काडी फक्त हवामान सांगते. जीव घेणारं मिथेनॉल तर बिनबोभाट पेटतं. ते डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, त्यामुळे परवान्याच्या दुकानाबाहेरची बाटली घेऊ नये, एवढंच शहाणपण. आणि 'थंडीत दोन घोट औषधाला' हेही सोडून द्यावं. मद्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याची कोणतीच मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. मी चव घेतो ती कुतूहलापोटी, तब्येतीसाठी नव्हे.

मग पाणी घालावं की नाही? घालावं, पण थेंबांनी. धुरकट वासाच्या रेणूंपैकी एक महत्त्वाचा म्हणजे ग्वायकॉल. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये पाणी, इथेनॉल आणि ग्वायकॉल यांचं संगणकावर अनुकरण केलं. ५९ टक्क्यांच्या वर इथेनॉलचे रेणू ग्वायकॉलला चहूबाजूंनी वेढून द्रवात खोल ठेवतात. प्रमाण ४५ किंवा त्याखाली आलं की चित्र बदलतं. इथेनॉल पृष्ठभागाकडे गोळा होतं, कारण त्याचं पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं, आणि त्याला बिलगलेलं ग्वायकॉलही वर येतं. वर आलं की हवेत उडतं, आणि हवेत उडालं की नाकात पोचतं. संगणकात फक्त तीन पदार्थ होते आणि ग्लासात शेकडो असतात, हे विसरायचं नाही. पण मी पिपेटनं थेंब टाकून कितीदा तरी पाहिलंय, चौथ्या-पाचव्या थेंबाला धूर उमलतो. अतिरेक मात्र नको. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात पाणी २० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर एकाच शैलीतल्या व्हिस्क्या एकमेकींसारख्याच वासाच्या वाटू लागल्या.

थेंबांचा आणखी एक फायदा, जळजळ कमी होते. उष्णता ओळखणारा टीआरपीव्ही१ हा ग्राही, म्हणजे मज्जातंतूंवरचं एक संवेदक प्रथिन, एरवी ४२ अंशांच्या आसपास जागा होतो. इथेनॉल असलं की तो ३४ अंशांनाच जागा होतो, म्हणजे आपल्या तोंडाची नेहमीची ऊबच त्याला चटका वाटते. मिरचीही याच ग्राहीला चेतवते. तांबड्या रश्श्यानंतर व्हिस्कीची चव घेऊ नका, असं मी सगळ्यांना सांगतो ते त्यामुळेच.

पुढच्या शनिवारी अण्णांना पुन्हा बोलावलं. या वेळी पाणी नाही. काचेच्या छोट्या बाटलीत थोडी आर्डबेग घेतली, झाकण घट्ट लावलं आणि मीठ घातलेल्या बर्फात पुरली. अर्ध्या तासानं काढली तर आत धुकं. ती अण्णांच्या मुठीत दिली आणि म्हटलं, गप्प बसून राहा. पाच-सात मिनिटांत धुकं विरलं. अण्णा बाटली उलटसुलट करून बघत राहिले.

"अण्णा, द्राक्षं बुडवायला पाण्यात डिपिंग ऑइल ओतता तेव्हा काय होतं?"

"पांढरं फेक हुतंय. दुधावानी."

ते तेल म्हणजे इथाइल ओलिएट. साखळी १८ कार्बनची, त्याच लांब शेपटीच्या एस्टरांतलं. द्राक्षाच्या सालीवरच्या मेणाला ते मोकळं करतं म्हणून बेदाणा लवकर वाळतो. अण्णांनी आयुष्यभर ते पिंपांनी ओतलंय, त्याचा पांढरा फेसाळ रंग त्यांना झोपेतसुद्धा ओळखता येईल.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बाटलीचं झाकण काढून नाकाशी धरली, डोळे मिटले. "मास्तर, वही घ्या," म्हणाले. "लिव्हा. गंधकाची धुरी दिल्यालं शेड, दुसऱ्या दिशी सकाळी उघडल्यावर."