धीराची भाषा: क्रिस्तपुराणापासून केडगावपर्यंत

मराठी ख्रिस्ती घरात मयत झालं की संध्याकाळी मंडळी जमतात. पाळक शास्त्रपाठ वाचतात, प्रार्थना होते, आणि मग कुणीतरी टाळ हातात घेतो. दिवसभर नि:शब्द बसलेली माणसं अभंगाच्या चालीवर हळूहळू गाऊ लागतात. बाहेरून येणाऱ्याला याचं नवल वाटतं: देव ख्रिस्ती, चाल मात्र वारकऱ्यांची. या गाण्यामागे तीनशे-चारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा दुःखातच घडलेला आहे.

त्याची सुरुवात गोव्यात सापडते. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचा पाद्री, 1579 मध्ये गोव्यात आला आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं, 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत, मुख्यतः दक्षिण गोव्यातल्या साष्टी भागात राहिला. तो काळ शांततेचा नव्हता. पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यांची प्रेतं मिळवण्याचं काम स्टीफन्सच्या वाट्याला आलं. पोर्तुगीजांनी त्याचा सूड गावच्या पुढाऱ्यांना मारून घेतला. जे ख्रिस्ती झाले होते, त्यांची अवस्था मधल्यामध्ये लोंबकळल्यासारखी होती. जुनी पुराणं वाचायला बंदी, आणि नव्या धर्माची पुस्तकं परक्या भाषेत.

स्टीफन्सने बायबलमधली कथा मराठी ओव्यांत सांगितली, तो ग्रंथ म्हणजे क्रिस्तपुराण. त्याच्या आरंभी एक प्रसंग आहे. धर्मशिकवणीच्या वेळी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो: तुम्ही आमची पूर्वीची पुराणं वाचू देत नाही, मग त्यांच्या जागी तसंच दुसरं काही का करून देत नाही? शाळेत आपण स्टीफन्सच्या मराठीस्तुतीच्या ओव्या पाठ करतो, पण मला हा प्रश्न त्याहून मोलाचा वाटतो. त्या माणसाला प्रश्नोत्तरांतला धर्म ठाऊक होता. त्याला हवं होतं ते दिवस कलल्यावर, घरात काही बरंवाईट घडल्यावर, चार माणसांत बसून वाचायचं काहीतरी. आजीने ज्या चालीत ऐकवलं त्याच चालीतलं.

स्टीफन्सने ते दिलं. 1616 मध्ये राशोल इथे हे पुराण छापलं गेलं. दोन भाग, सगळ्या मिळून जवळपास अकरा हजार ओव्या. देवनागरी टाइप हाताशी नसल्यामुळे लिपी रोमन, पण छंद ज्ञानोबा-एकनाथांचा. 1649 आणि 1654 मध्ये ते पुन्हा निघालं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांवर, म्हणजे कुणाला तरी तो पुन्हा पुन्हा उतरवून घ्यावासा वाटला म्हणून.

गोव्यातून कर्नाटकाच्या किनाऱ्यावर गेलेल्या कोकणी ख्रिस्ती कुटुंबांबरोबर हे पुराण मंगळूरकडे पोचलं. तिथेच त्याची खरी परीक्षा झाली. दुसऱ्या म्हैसूर युद्धात या लोकांनी इंग्रजांना साथ दिली असा टिपू सुलतानाला संशय होता. 1784 च्या फेब्रुवारीत त्याच्या हुकमाने किनाऱ्यावरची हजारो ख्रिस्ती माणसं पकडून घाट चढवून श्रीरंगपट्टणला नेण्यात आली. वाटेत किती तरी मेली. पाद्रींना आधीच हद्दपार केलेलं, चर्चेस पाडलेली. 1799 च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडेपर्यंत पंधरा वर्षं हे बंदिवासात होते.

पंधरा वर्षं म्हणजे बंदीत जन्मलेलं मूल तिथेच मिसरूड फुटेपर्यंत वाढतं. त्याला मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ठाऊक नाही, चर्च ठाऊक नाही. अशा दिवसांत क्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी त्यांची श्रद्धा तगवून धरली, असं मंगळूरचे ख्रिस्ती परंपरेने सांगत आले आहेत. मला ते पटतं, कारण पाद्रीला हद्दीबाहेर काढता येतं, पाठ झालेली ओवी काढता येत नाही. पुढे 1907 मध्ये जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून पुराणाची छापील आवृत्ती काढली, तीही मंगळूरलाच. देवनागरीत ते मराठी वाचकांच्या हाती यायला 1956 उजाडलं. पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ती आवृत्ती सिद्ध केली.

महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मंडळींची वाट वेगळी. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईला आणि 1831 मध्ये अहमदनगरला आले. सुरुवातीची बरीच गाणी इंग्रजी गीतांची भाषांतरं होती, आणि विलायती चालीत बसवताना मराठी शब्दांची ओढाताण व्हायची. ती बदलण्यात मोठा वाटा नारायण वामन टिळकांचा. 1895 मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं दूर राहिल्या. घर मोडलं, नातेवाईक तुटले. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो, असं टिळक म्हणत, आणि त्यांच्या गीतांत ते कानाला जाणवतं. देवाशी भांडण, रुसवा, लाड, सगळं तुकोबांच्या घरचं. मयताच्या घरी जे गायलं जातं त्यात ही गीतं आजही असतात. ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करायला त्यांनी घेतलं होतं. 1919 मध्ये ते गेले तेव्हा ते अपुरं होतं. पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. शाळेत कधीच न गेलेल्या बाईंनी, नवऱ्याच्या मागे.

आणि पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, दोन वर्षांनी नवरा पटकीने. कडेवर लेक मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडं वर आलेल्या मुलींना घेऊन परतल्या. 1900 मध्ये गुजरातेतून आणखी आणल्या. आपल्याला ज्या भुकेने अनाथ केलं तिची ओळख असलेली बाई त्या मुलींपुढे उभी होती. पुण्याजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायकामुलींचं हे घर, यातून उभं राहिलं.

केडगावात त्यांना लवकरच जाणवलं की या मुलींना उपलब्ध मराठी बायबल जड जातं. तेव्हा वय उताराला लागलेलं असताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून साध्या मराठीत बायबल आणायला बसल्या. कमी शिकलेल्या बाईला स्वतःला वाचून कळावं, एवढीच कसोटी. छपाईही केडगावातच, आणि छापखान्यातलं कामही तिथल्या बायकामुलींच्या हातचं. 1921 च्या जुलैमध्ये मनोरमा वारली. रमाबाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही. ते पुरं करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल 1924 मध्ये केडगावहून बाहेर पडलं.