दुखणं नेमकं कुठं?

‘पोट दुखून रायलं’ एवढ्या निरोपावर तालुक्याचा डॉक्टर फारसं काही ठरवू शकत नाही. पोटात यकृत, जठर, प्लीहा (पाणथरी), आतडी, मागे पाठीला लागून मूत्रपिंडं, इतकी मंडळी दाटीनं बसलेली. म्हणून शरीररचनाशास्त्रानं आधी माणसाला एकाच पवित्र्यात उभं केलं: सरळ ताठ, नजर समोर, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे. पेशंट बाजेवर पालथा पडलेला असला तरी दिशा या उभ्या माणसाच्याच धरायच्या, आणि उजवं-डावं पेशंटचं, बघणाऱ्याचं नव्हे.

रिपोर्टातले शब्द मग अवघड राहत नाहीत. अँटेरियर म्हणजे पुढची बाजू, पोस्टेरियर पाठीकडची. मीडियल मध्यरेषेकडची, लॅटरल बाहेरची. हातापायांत धडाजवळचं ते प्रॉक्झिमल, बोटांकडचं डिस्टल. शरीर ज्या कल्पित पातळ्यांत कापल्यासारखं पाहतात ती प्रतलं तीन. सॅजायटल डावं-उजवं वेगळं करतं, कोरोनल पुढचं-मागचं, आणि ॲक्सिअल काकडीच्या चकत्यांसारखे आडवे काप पाडतं. सीटी स्कॅनचे हे आडवे काप पायाकडून वर पाहिल्यासारखे दाखवतात, त्यामुळे उजवीकडचं यकृत फिल्मवर आपल्या डाव्या हाताला दिसतं. घरची माणसं इथं हमखास घाबरतात.

पोकळ्यांमध्ये कवटीची आणि कण्याची सलग आहे. समोर छाती आणि पोट, मध्ये श्वासपटलाचा पडदा. ओटीपोट आणि पोट यांच्यात मात्र भिंत नाही, त्यामुळे पोटात झालेला रक्तस्राव ओटीपोटातही साचतो.

श्वासपटल फासळ्यांच्या खालच्या कडेला सपाट ताणलेलं असतं, हा मोठा गैरसमज. ते घुमटासारखं वर चढतं. श्वास पूर्ण सोडला की साधारण स्तनाग्राच्या पातळीपर्यंत. म्हणून पोळ्याच्या धामधुमीत बैलाचं शिंग स्तनाग्राच्या खाली, फासळ्यांवर लागलं, तर ती जखम छातीची दिसली तरी पोटातही गेलेली असू शकते. बाहेरून रक्त थांबलं म्हणून टाके घालून घरी पाठवणं धोक्याचं. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं नाही. स्वच्छ ओल्या कापडानं झाकायचं, तोंडावाटे काही द्यायचं नाही.

याच पडद्याच्या नसा मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूतून येतात. खांद्याच्या कातडीची संवेदनाही त्याच भागातून. परिणामी प्लीहा फाटून रक्त पडद्याला लागलं की दुखतो डावा खांदा, आणि लोक खांद्याला बाम चोळत बसतात. पोटावर मार बसल्यानंतर, खांद्याला काही लागलेलं नसताना तो दुखू लागला, तर पोट तपासून घ्यायलाच हवं.

पोटाचे बेंबीतून उभी-आडवी रेघ ओढून चार भाग करतात. अपेंडिक्सची कळ सुरुवातीला बेंबीभोवती असते, कारण आतड्याच्या नसांना नेमकी जागा सांगता येत नाही. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की दुखणं उजवीकडे खाली सरकतं. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी जोडणाऱ्या रेघेवर, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर, ते सर्वांत तीव्र असतं. चार्ल्स मॅकबर्नी या शल्यचिकित्सकानं ही जागा १८८९ मध्ये नोंदवली.

डावा वरचा भाग गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) असलेल्या घरांनी विशेष जाणून घ्यावा. निरोगी प्लीहा नवव्या ते अकराव्या फासळीआड असते, सहसा हाताला लागत नाही. वाढते ती तिरकी, बेंबी ओलांडून उजवीकडे खाली. चूक होते ती अशी: तपासणारा थेट डाव्या फासळ्यांखाली बोटं रोवतो, बोटं वाढलेल्या प्लीहेवरच पडतात आणि तिची कड सापडत नाही. सुरुवात उजव्या खालच्या कोपऱ्यातून करायची. मूल उताणं, गुडघे किंचित वाकवलेले. श्वास घेताना कड बोटांना टेकते. फासळीखाली किती बोटं आली ते लिहून ठेवावं. प्लीहा एकाएकी वाढली आणि मूल फिकं पडून मलूल झालं, तर रक्त तिच्यात अडकलेलं असू शकतं. सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा आणि सिकलसेल आहे हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.