शिकाऊ उमेदवारी (पुणे औद्योगिक परिसर)

कारखान्यात प्रत्यक्ष काम करता करता, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आणि ठरावीक मुदतीत एखादा व्यवसाय शिकण्याची पद्धत म्हणजे शिकाऊ उमेदवारी. बोलताना सगळे तिला अप्रेंटिसशिप म्हणतात. पुण्याभोवती भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव या पट्ट्यात वाहने, सुटे भाग, इंजिने आणि यंत्रहत्यारे बनतात. आयटीआयमधून (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून) बाहेर पडलेल्या फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन मुलामुलींची कारखान्याशी पहिली ओळख बहुधा याच मार्गाने होते. उमेदवाराचा हात कसा बसतो आणि त्याला शिकवताना कारखाना स्वतः काय शिकतो, अशा दोन्ही बाजूंनी या पद्धतीकडे पाहावे लागते. दुसऱ्या बाजूकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

पार्श्वभूमी

पुण्यातील तांत्रिक शिक्षणाची संस्थात्मक सुरुवात १८५४ साली झाली. सार्वजनिक बांधकामांना दुय्यम अधिकारी हवे होते, म्हणून त्या वर्षी अभियांत्रिकी वर्ग आणि यांत्रिकी शाळा उघडली गेली. आजचे सीओईपी हे अभियांत्रिकी विद्यापीठ तिचेच पुढचे रूप. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळा कारखाना आला आणि कारागिरी थेट कारखान्यात शिकण्याची जागा तयार झाली. पुढे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसीची, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, स्थापना झाली. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९६६ मध्ये पुण्यात कारखान्याची सुरुवात केली, पण इथून व्यापारी वाहन बाहेर पडायला १९७७ उजाडले. मधल्या काळात प्रशिक्षण आणि यंत्रहत्यारे यांवर भर होता. आधी माणसे आणि हत्यारे, मग गाड्या, हा क्रम नंतर आलेल्या फार थोड्या कंपन्यांना परवडला.

कायद्याची चौकट

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा असून तो १ मार्च १९६२ पासून अमलात आला. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारक त्यात आले, तर २०१४ च्या दुरुस्तीने कारखान्यांना ऐच्छिक व्यवसाय ठरवण्याची मुभा दिली. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि ४ ते २९ माणसे असतील तर ऐच्छिक. मनुष्यबळ मोजताना कंत्राटी कामगारही धरतात. उमेदवारांची संख्या त्याच्या २.५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असावी लागते. त्याच नियमांनी पहिल्या वर्षाचे किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले, त्यात आयटीआय प्रमाणपत्रधारकाला ७,००० रुपये. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, एवढा वाटा केंद्र सरकार उचलते.

उमेदवाराचे वय किमान १४ वर्षे लागते आणि धोकादायक उद्योगात १८. करार सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदवलेला असला पाहिजे. नोंदणी नसेल तर त्या वर्षाच्या कामाला उमेदवारी म्हणून मान्यता मिळत नाही, परीक्षेचा मार्गही बंद होतो. रुजू होताना पहिल्यांदा विचारायची गोष्ट विद्यावेतनाची नाही, करार क्रमांकाची.

कायद्याच्या नजरेत उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नाही. त्यामुळे कामगार कायदे त्याला सरसकट लागू होत नाहीत. मात्र कारखान्यांसाठीच्या आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी लागू होतात आणि कामावर इजा झाल्यास भरपाईही मिळते. उमेदवार कामगार नाही, याचा गैरफायदा कसा घेतला जातो ते उघड आहे. लाइनवर माणूस कमी पडला की उमेदवार उभा केला जातो, वर्षभर तो एकाच स्टेशनवर तेच चार बोल्ट आवळतो आणि त्याच्या नोंदवहीत सगळे विभाग फिरून झाल्याच्या सह्या होतात.

हात कसा बसतो

आयटीआयमध्ये फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत, वेल्डरचा एक वर्षाचा. औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये असो की कंपनीच्या मूलभूत प्रशिक्षण विभागात, फिटरची सुरुवात मऊ पोलादाच्या पट्टीवर करवत आणि कानस चालवण्यापासून होते. सीएनसीच्या, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांच्या, काळात हे जुनाट वाटते. पण धातू किती दाबला की किती निघतो, याचा अंदाज हाताला इथेच येतो आणि पुढे बर (कडेला उरलेला खरखरीत धातू) काढताना, शिम (फट भरायची पातळ पट्टी) बसवताना, डाय (आकार देणारा साचा) जुळवताना तोच कामी येतो.

हॅकसॉचे, म्हणजे धातू कापायच्या करवतीचे, पाते दात पुढे करून बसवायचे, कारण काप पुढच्या फेरीत होतो. परत येताना दाब सोडायचा. वेग मिनिटाला ४० ते ५० फेऱ्या. त्याहून जास्त वेगाने पाते तापते आणि दात बोथट होतात. नवशिक्याचे पाते तुटते ते मात्र बहुधा दोनच कारणांनी: पाते सैल असते, नाहीतर काप वाकडा गेल्यावर पाते पिळून तो सरळ करायचा प्रयत्न होतो. काप वाकडा गेलाच तर जॉब (ज्यावर काम चालू आहे तो तुकडा) फिरवून दुसऱ्या बाजूने सुरू करावा.

कानशीचे काम याहून अवघड. जॉब पकडणाऱ्या व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा. फेरीच्या सुरुवातीला टोकावरच्या हाताचा दाब जास्त, शेवटी मुठीवरच्या हाताचा, आणि मध्ये दोन्ही सारखे. ही अदलाबदल जमली नाही तर कानस झुलते आणि पृष्ठभागाला गोलाई येते. गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून उजेडाकडे धरले की कडांशी फट दिसते आणि मध्ये उंचवटा. उंचवटा दिसल्यावर उमेदवार आणखी जोर लावतो, त्याने गोलाई वाढतेच. तो भाग आडवी कानस ओढून उतरवावा आणि दर पाच-सहा फेऱ्यांनी गुण्या लावावा. शिकण्याचा वेग इथे ठरतो तो चूक किती लवकर दिसते यावर. तासभर कानस मारून मग मोजणारा उमेदवार तीच चूक तासभर पक्की करत असतो.

आटे पाडणे ही पुढची पायरी. एम १० च्या नेहमीच्या १.५ मिमी पिचच्या आट्यांसाठी ८.५ मिमीचे भोक लागते. ८ मिमीचे ठेवले तर टॅप (आटे पाडायचे हत्यार) अडकून तुटतो आणि ९ चे केले तर आटे उथळ राहून बोल्ट आवळताना झडतात. पहिले दोन आटे पडल्यावर टॅप काटकोनात आहे का ते गुण्याने दोन बाजूंनी पाहायचे. मग अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून मोकळा होतो. तुटलेला टॅप कडक पोलादाचा असल्यामुळे साध्या ड्रिलने निघत नाही. विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या स्पार्क इरोजन यंत्रावर काढावा लागतो, किंवा जॉब भंगारात जातो.

मोजमापात बहुतेकांना यंत्र वाचता येते, वापरता येत नाही. व्हर्नियरचा लघुत्तम माप ०.०२ मिमी आणि मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी, हे परीक्षेत सगळे बरोबर लिहितात. शून्य चूक (मिटलेले यंत्र शून्य दाखवते का) आधी पाहणे, मायक्रोमीटर रॅचेटनेच (दाब सारखा ठेवणाऱ्या टोकाच्या मुठीनेच) फिरवणे, हे सवयीचे व्हायला वेळ लागतो. सर्वांत जास्त फसवतो तो गरम जॉब. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढते, म्हणजे ३० अंशांनी तापलेला १०० मिमीचा तुकडा जवळजवळ ०.०३५ मिमीने मोठा दिसतो. ग्राइंडिंगनंतर लगेच मोजून ‘बरोबर’ ठरवलेला जॉब थंड झाल्यावर कमी मापाचा निघतो तो यामुळे. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश मानले आहे, हे वर्गात शिकवलेले वाक्य अशा एका रिजेक्शननंतर कायमचे लक्षात राहते.

सुरक्षिततेचे नियम पहिल्या दिवसापासून सांगतात. फिरत्या यंत्रावर हातमोजे घालायचे नाहीत, हा नियम मात्र कारण न सांगता दिला तर पाळला जात नाही. एरवी मोजे हात वाचवतात, ड्रिलवर तेच हात आत ओढतात.

शिकवण्याची रीत

उमेदवाराला अनुभवी ऑपरेटरशेजारी उभे करून ‘बघून घे’ म्हणणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत कमी फळणारी रीत आहे. वीस वर्षे एकच काम केलेल्या माणसाला आपण काय करतो हे सांगता येत नाही. आवाज बदलला की तो फीड (हत्यार पुढे सरकण्याचा वेग) कमी करतो, पण असे करतो याची त्यालाच जाणीव नसते. ज्ञान त्याच्याकडे असते, शब्द नसतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत नव्या माणसांची भरती झपाट्याने झाली, तेव्हा टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा कार्यक्रम राबवला गेला. पुढे तो जपानमध्ये रुजला आणि वाहन उद्योगाबरोबर चाकणपर्यंत पोचला. त्यातली काम शिकवण्याची रीत चार टप्प्यांची: शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे, आणि नंतर हळूहळू कमी करत लक्ष ठेवणे. याआधी शिकवणाऱ्याने कामाचे विभाजन कागदावर लिहायचे असते. एका रकान्यात पायरी, दुसऱ्यात त्या पायरीची खुबी, तिसऱ्यात तिचे कारण. आटे पाडण्याच्या उदाहरणात ‘टॅप फिरवणे’ ही पायरी, ‘पाव फेरा मागे’ ही खुबी आणि ‘कीस तुटतो’ हे कारण. तिसरा टप्पा निर्णायक असतो. उमेदवाराने काम करताना पायरी, खुबी आणि कारण स्वतः बोलून दाखवायचे. नुसते ‘समजलं का?’ विचारले तर प्रत्येक जण ‘हो सर’ म्हणतो.

मोठ्या कारखान्यांत यासाठी डोजो, म्हणजे सरावाची खोली, असते. लाइनपासून वेगळ्या जागेत बोल्ट ठरावीक टॉर्कने आवळणे, वायरिंगचे जोड बसवणे, रंगातले दोष ओळखणे यांचा सराव करून घेतात. दोषाचे खरे नमुने भिंतीवर लावलेले असतात आणि ते फार उपयोगी पडतात, कारण ‘रंगाला संत्र्याची साल आली आहे’ हे वर्णन ऐकून कोणाला ओळखता येत नाही, एकदा पाहिले की विसरत नाही. भोसरीतल्या दहा-पंधरा माणसांच्या जॉबवर्क शॉपला डोजो परवडत नाही. तिथे रिजेक्ट माल एका ट्रेमध्ये कारणाच्या चिठ्ठीसह ठेवला तरी तेच काम होते.

कारखान्याचे शिकणे

संस्थाही सरावाने शिकतात, याचे मोजमाप टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये विमाननिर्मितीवरून मांडले. एकूण उत्पादन दुप्पट झाले की दर विमानामागची श्रमवेळ सुमारे २० टक्क्यांनी घटते. पहिल्याला १०० तास लागले असतील तर दोनपर्यंत सरासरी ८० वर येते आणि चारपर्यंत ६४ वर. ही घट आपोआप होत नाही. फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) सुधारले, क्रम बदलला आणि तो बदल सर्व पाळ्यांत पोचला तरच ती दिसते. दिवसपाळीने शोधलेली युक्ती रात्रपाळीला माहीत नसते, हा इथला नेहमीचा रोग. त्यावरचा साधा उपाय म्हणजे एका कागदावर एकच मुद्दा, एक चित्र चुकीचे आणि एक बरोबरचे, असा ‘वन पॉइंट लेसन’. तो यंत्रापाशी लावायचा आणि पाळी बदलताना वाचून दाखवायचा.

कोणाला काय येते याचा तक्ता म्हणजे स्किल मॅट्रिक्स. उभ्या रांगेत नावे, आडव्या रांगेत कामे आणि प्रत्येक चौकोनात चार भागांचे वर्तुळ. एक भाग भरला तर शिकतो आहे, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे स्वतंत्र करतो आणि चारही भरले तर दुसऱ्याला शिकवू शकतो. कामाच्या स्तंभात पूर्ण वर्तुळ एकच असेल तर तो धोका समजायचा, कारण तो माणूस रजेवर गेला की लाइन अडते. पण हा तक्ता ऑडिटच्या आदल्या रात्री भरला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत संस्थेचे ज्ञान जपण्याचे स्वतंत्र कलम (७.१.६) आले. त्याने कागद वाढले, निवृत्त होणाऱ्या फोरमनकडून ज्ञान काढून घेण्याची पद्धत फार थोड्या ठिकाणी बसली. जिथे बसली तिथे शेवटच्या काही महिन्यांत त्याच्याकडे उत्पादनाचे लक्ष्य ठेवत नाहीत, बिघाड शोधताना त्याच्याबरोबर दोन उमेदवार देतात आणि त्याने आधी काय तपासले हे त्यांना क्रमाने लिहायला लावतात.

जिल्ह्यातच याहून वेगळा नमुना आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे एका वर्षाच्या निवासी पदविकेत वेल्डिंग, बांधकाम, वीजकाम, शेती आणि अन्नप्रक्रिया अशी अनेक कामे गावाच्या खऱ्या मागण्या घेऊन शिकवतात. एकाच व्यवसायात खोल जाणे तिथे अपेक्षित नाही.

परीक्षा आणि पुढे

मुदतीअखेर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. नोकरी देण्याची सक्ती कायदा मालकावर करत नाही. भरतीचे धोरण ठरवणे त्याच्यावर सोपवले आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. शिकवण्याकडे वळायचे असेल तर निदेशकांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राइतकीच नोंदवहीही तपासून न्यावी. टूलरूमचा (हत्यारे व साचे बनवणाऱ्या विभागाचा) जाणता मुलाखतकार जॉबची रेखाटने आणि त्याखाली उमेदवाराने स्वतः लिहिलेली मापे पाहतो, आणि मग पहिला प्रश्न बहुधा बिघडलेल्या जॉबबद्दलच विचारतो.