थोरल्यांनी धाकट्यांना खेळवायचं: कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स मुलांसाठी मधुमेह प्रतिबंध

शाळा सुटल्यावर हायस्कूलच्या मुलामुलींनी प्राथमिकच्या पोरांना जमवायचं, त्यांच्यासोबत धावायचं, खेळायचं, चांगला खाऊ करून एकत्र बसून खायचा आणि गप्पा मारायच्या, अशी मधुमेह टाळायची एक पद्धत कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, फर्स्ट नेशन्स म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांच्या वस्त्यांमध्ये उभी राहिली. आधी तिचं नाव अबोरिजिनल यूथ मेंटरशिप प्रोग्रॅम होतं, आता इंडिजिनस यूथ मेंटरशिप प्रोग्रॅम म्हणतात. मॅनिटोबा विद्यापीठातले संशोधक जोनाथन मॅकगॅवॉक यांचं नाव या कामाशी जोडलेलं आहे, पण रोजचं काम करतात ती वस्तीतलीच पोरं.

आपल्याकडे लहान मुलाला साखर आहे म्हटलं की टाइप वन समजतात, जन्मभर इन्सुलिन घ्यावं लागतं तो. इथे प्रश्न टाइप टूचा आहे, ज्यात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि जो पूर्वी चाळिशीनंतरचा आजार मानायचे. मॅनिटोबा आणि शेजारच्या वायव्य ओंटारिओतल्या फर्स्ट नेशन्स मुलांमध्ये तो 1980च्या दशकात दिसायला लागला, तेव्हा डॉक्टरही चक्रावले होते. यांच्यातल्याच ओजी-क्री नावाच्या लोकांमध्ये एचएनएफ-1ए नावाच्या जीनमधला एक खास बदल सापडलाय, त्याने धोका वाढतो हे खरं, पण सगळं खापर जीनवर फोडणं मला पटत नाही. जीन काही एका पिढीत बदलत नाहीत, बदललं ते जगणं. शिकार, मासेमारी, रानातली भटकंती करणाऱ्या लोकांना रिझर्व्हमध्ये, म्हणजे सरकारने आखून दिलेल्या जमिनींवर बसवलं, मुलांना घरातून उचलून सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांमध्ये कोंडलं, तिथे भाषा गेली, रानातलं अन्न मिळवायची विद्या गेली, आणि सख्ख्या भावंडांनाही बरेचदा एकमेकांशी बोलू देत नसत. यातली शेवटची शाळा बंद झाली ती 1990च्या दशकात, म्हणजे हे काही फार जुनं नाही.

म्हणूनच थोरल्याच्या हाती धाकटा सोपवायचा ही कल्पना मला इतकी मोलाची वाटते. बाहेरून आलेली नर्स तक्ता लावून भाज्यांची नावं सांगते ते पोरं ऐकून सोडून देतात, पण आपल्याच गल्लीतला दादा किंवा ताई दर आठवड्याला आपली वाट बघते म्हटल्यावर चौथीतलं पोरगं धावत येतं. पाठीशी अमेरिकेतल्या लाकोटा या मूळनिवासी समाजातले मार्टिन ब्रोकनलेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला चार गोष्टींचा विचार आहे: आपलेपणा, हातोटी, स्वावलंबन आणि औदार्य. यातलं औदार्य दादा-ताईंना जास्त लागू, कारण देणाऱ्याचंही काहीतरी घडतं. खेळ कुठले, खाऊ काय हे वरून ठरवून येत नाही, ती मुलंच ठरवतात, वस्तीतलं एखादं मोठं माणूस लक्ष ठेवायला असतं.

खेळण्याचा फायदा नुसता वजनापुरता नाही. धावताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि खेळ थांबल्यावरही काही तास शरीर इन्सुलिनला चांगला प्रतिसाद देतं, त्यामुळे एकदाच दमवण्यापेक्षा नेमाने खेळणं महत्त्वाचं.

सुरुवातीचा अभ्यास झाला तो गार्डन हिल फर्स्ट नेशनमध्ये. हे गाव आयलंड लेक या तळ्याच्या काठी, मॅनिटोबाची राजधानी विनिपेगच्या ईशान्येला दूरवर, बारमाही रस्ता नाहीच, विमानाने जायचं किंवा हिवाळ्यात तळी गोठली की बर्फावरच्या रस्त्याने, आणि म्हणून दूध-फळं महाग. तिथे चौथीच्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा दीड तास, असं साधारण पाच महिने चाललं. निकाल 2014 साली पीडिअॅट्रिक्स या नियतकालिकात छापून आला: कार्यक्रमातल्या मुलांची कंबर, इतर मुलांशी तुलना करता, सरासरी अडीच सेंटीमीटर कमी वाढली, बीएमआयमध्येही, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या मापातही, थोडा फरक पडला, आणि चांगलं खाणं कुठलं याची समज वाढली. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये कंबर कमी होणं नाही तर कमी वाढणं हेच बघायचं असतं. अभ्यास एकाच वस्तीतला, मुलं दीडशेच्या आसपास, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आणि मधुमेह खरंच टळला का हे पाच महिन्यांत कळणारही नाही. पुढे हा कार्यक्रम इतर प्रांतांतही गेला.

आणि हे कितीही चांगलं असलं तरी आठवड्यातल्या दीड तासाने दुकानातला भाव उतरत नाही. आयलंड लेकच्या वस्त्यांमध्ये अनेक घरांत वर्षानुवर्षं नळाचं पाणी नव्हतं, तिथे गोड कोल्ड्रिंक पिऊ नको असं मुलाला सांगताना आधी पाणी द्यायला हवं.

याच वाटेवरचं जुनं काम म्हणजे माँट्रियलजवळच्या काहनावाके या मोहॉक नावाच्या मूळनिवासी लोकांच्या वस्तीतला शाळांमधला मधुमेह प्रतिबंध प्रकल्प, 1994 मध्ये सुरू झालेला. गावातल्या डॉक्टरांनी आपल्याच लोकांमधले मधुमेहाचे आकडे गावासमोर ठेवले, तेव्हा वडीलधारी मंडळीच म्हणाली की पोरांसाठी काहीतरी करा, आणि त्यातून शाळेतले आरोग्याचे धडे आले, शाळेतल्या खाण्याचे नियम आले. मेंटरशिपचा कार्यक्रम नंतर तिथेही पोचला.